रुजलेली गुटी म्हणून विकलेल्या 140 काड्या

आमच्या सोसायटीच्या कुंपणाच्या भिंतीलगत लावलेल्या बोगनवेलीच्या 140 रोपांपैकी आज 9 जिवंत आहेत. या कामावर एकूण 44,800 रुपये खर्च झाले : रोपांचे 30,800, टेम्पोचे 2,600 आणि खड्डे, शेणखत व मजुरीचे 11,400. ही रक्कम 112 सदनिकांकडून प्रत्येकी 400 रुपये याप्रमाणे मी स्वतः दारोदार फिरून गोळा केली होती, त्यामुळे हे लिहिताना जितका राग येतो आहे तितकीच शरमही वाटते आहे.

मी झाडांतले काही न कळणारा माणूस नाही. माझे लहानपण सांगोल्याकडे डाळिंबाच्या बागेत गेले. फांदीची साल दोन बोटे रुंद गोल काढायची, त्यावर ओले शेवाळ बांधायचे, वरून प्लॅस्टिक घट्ट गुंडाळायचे आणि पारदर्शक कागदातून पांढऱ्या मुळ्या दिसू लागल्या की खालून फांदी कापायची, ही गुटी मी शेकडो वेळा पाहिली आहे. म्हणूनच तर मी स्वस्तातली छाट कलमे, म्हणजे फांदीची काडी कापून नुसती मातीत खोचून केलेली रोपे, नाकारली. आम्हाला 'मेरी पामर' हवी होती, जिच्या एकाच झाडावर पांढरे आणि गुलाबी असे दोन्ही रंग येतात. साध्या किरमिजी बोगनवेलीची काडी पावसाळ्यात खोचली तरी बहुधा लागते. पण या जातीची काडी मुळे फुटण्यासाठीचे संजीवक लावूनही सहज मुळे धरत नाही. त्याच रस्त्यावर 90 रुपयांना छाट कलमे मिळत असताना मी रुजलेल्या गुटीचे 220 रुपये द्यायला तयार झालो, तो याच हिशेबाने.

रोपवाटिका महामार्गालगतची होती. 22 जून 2025 रोजी मी तेथे गेलो तेव्हा काळ्या पिशव्यांतली हातभर उंचीची रोपे ओळीने मांडलेली होती; काहींवर गुलाबी-पांढरी छदेही (फुलासारखी दिसणारी रंगीत पाने) होती आणि प्रत्येक पिशवीच्या तोंडाशी शेवाळाचा एक तुकडा ठेवलेला होता. ते शेवाळ पाहून माझी खात्री पटली, हे मी कबूल करतो. त्यातली एक पिशवी कलली होती. मी रोप बुंध्याशी धरून सरळ करायला गेलो, तर ते माझ्या हातात बोटभर वर आले. मातीचा गोळा त्याच्याबरोबर हलला नाही. काडी तेवढी हलली. मी पिशवी उलटी करून खालची छिद्रे पाहणार, तोच विक्रेता धावत आला आणि म्हणाला, "काका, एवढं करू नका. बोगनवेलीची मुळं नाजूक असतात, गोळा फुटला तर झाड बसेल." आणि मी पिशवी खाली ठेवली.

त्या क्षणापाशी मी रोज जातो. त्याचे म्हणणे खोटे असते तर मी तिथेच अडवले असते. पण बोगनवेलीच्या मुळांना धक्का सोसत नाही, हे खरेच आहे. या माणसाचे प्रत्येक खोटे एका खऱ्या गोष्टीच्या आडोशाला उभे होते. पक्की पावती मागितली तेव्हा तो म्हणाला, "झाडांवर जीएसटी नसतो, पावती कसली?" रोपांवर जीएसटी नसतो हे बरोबर आहे, परंतु म्हणून पावतीच द्यायची नाही असे कोठेही लिहिलेले नाही. मला एक चिठ्ठी मिळाली, तिच्यावर "शोभेची झाडे, 140 नग" एवढेच होते. 'गुटी' हा शब्द तिच्यावर नव्हता. तुम्ही रोपे घ्याल तेव्हा जातीचे नाव आणि कलमाचा प्रकार पावतीवर लिहून घेतल्याशिवाय खिशात हात घालू नका. मी 10,000 रुपये यूपीआयने आगाऊ दिले आणि 29 जूनला टेम्पो दारात आला तेव्हा उरलेले 20,800 रोख दिले. रोख द्यायला नको होते.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागवड झाली. पुढचे तीन आठवडे काड्यांवर नवी पालवी येत होती आणि येता-जाता सभासद कौतुक करत होते. येथेच सगळे फसतात. बोगनवेलीची जाड काडी स्वतःत साठलेल्या अन्नावर पाने फोडते, कधी रंगही धरते, आणि खाली एकही मुळी नसली तरी पावसाळी दमट हवेत ती आठवडेच्या आठवडे हिरवी राहते. तेव्हा पालवीवरून रोप लागले असे कधीही समजू नका, पिशवीच्या छिद्रांतून मुळी बाहेर आलेली दिसली तरच ते रोप. ऑगस्टमध्ये पावसाने उघडीप दिली, चार दिवस ऊन पडले आणि पाने माना टाकू लागली. 14 ऑगस्टला मी एक रोप उपटले. ते खुंटी निघावी तसे निघाले. खालचे टोक काळे पडलेले, डोळ्याच्या, म्हणजे पान फुटते त्या जागेच्या, खाली तिरके कापलेले. साल काढल्याची गोल खूण कोठेही नव्हती. गुटीला तिरका काप नसतो, तिरका काप छाट कलमाला देतात. मी एकामागून एक 30 काड्या उपटल्या आणि प्रत्येकीला तोच तिरका काप होता. महिनाअखेरपर्यंत 131 वाळल्या. जी 9 जगली ती साधी किरमिजी निघाली.

फोन केल्यावर उत्तर आले, "पाणी जास्त झालं असेल काका, बोगनवेलीला पाणी चालत नाही." पुन्हा खऱ्याचाच आडोसा. त्यानंतर त्याने माझा क्रमांक ब्लॉक करून टाकला.

मी तालुक्याच्या कृषी कार्यालयात गेलो. तेथे दोन तास बसवून मला सांगण्यात आले की रोपवाटिकांसाठी 1969 चा जो कायदा आहे तो फळझाडांचा आहे, शोभेची झाडे त्यात येत नाहीत. म्हणजे डाळिंबाची गुटी खोटी निघाली तर दाद आहे आणि बोगनवेलीची निघाली तर नाही! मग त्या दारातून बाहेर पडलेल्या माणसाने कोठे जायचे, एवढे तरी सांगाल की नाही? पोलीस चौकीत पहिल्या दिवशी साहेब नव्हते, दुसऱ्या दिवशी होते पण बंदोबस्ताच्या गडबडीत होते, आणि तिसऱ्या दिवशी माझा अर्ज न वाचताच "हे दिवाणी आहे, झाडं मेली तर आम्ही काय करणार?" असे म्हणून परत दिला. झाडे मेली अशी माझी तक्रारच नव्हती. एक वस्तू सांगून दुसरी विकली, ही होती. आणि भारतीय न्याय संहितेचे कलम 318 फसवणुकीसाठीच आहे. हे मी म्हटल्यावर मला विचारण्यात आले की काका, तुम्ही वकील आहात का. पासष्ट वर्षांच्या माणसाला तीन हेलपाटे घालायला लावून साधी पोचसुद्धा न देणाऱ्या या व्यवस्थेचा मला त्या विक्रेत्याइतकाच संताप येतो, कारण त्याला हे सगळे आधीपासून ठाऊक असते आणि त्याच भरवशावर तो काड्या खोचतो.

शेवटी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि ई-जागृती संकेतस्थळावरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तेथे शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, त्यामुळे कोणी "आता उशीर झाला" म्हणून गप्प बसू नये. चिठ्ठीवर नसला तरी 'गुटी' हा शब्द त्याच्या 21 जूनच्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशात आहे, "मेरी पामर गुटी 220 रु., रुजलेली" असा. दुकानदाराचा एकही संदेश पुसू नका.

सोसायटीच्या सभेत मी रोपांचे पूर्ण 30,800 रुपये माझ्या बचतीतून भरण्याची तयारी दाखवली. सभासदांनी नको म्हटले, तरी 10,000 मी भरले आहेत. उपटलेल्यांपैकी बारा काड्या वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवल्या आहेत. प्रत्येकीच्या टोकाचा तिरका काप अजून स्पष्ट दिसतो, आणि आयोगापुढे मी त्याच मांडणार आहे.