फ्रीमेसनांच्या वहीत न्यायाधीशाचं नाव शोधायचं असेल तर

लंडनमध्ये ग्रेट क्वीन स्ट्रीटवर फ्रीमेसन्स हॉल ही अवाढव्य दगडी इमारत आहे. फ्रीमेसन, किंवा नुसतं मेसन, म्हणजे खास विधी आणि शपथा असलेल्या एका जुन्या बंधुसंघटनेचे सभासद. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या सभासदांचं स्मारक म्हणून ती 1927 ते 1933 या काळात बांधली. होबर्न किंवा कोव्हेंट गार्डन, कुठल्याही ट्यूब स्टेशनवरून चालत जाता येतं. आतल्या म्युझियम ऑफ फ्रीमेसनरीला तिकीट नाही. बहुतेक लोक एप्रन, पदकं आणि 1791 च्या सुमारास युवराजासाठी बनवलेलं ते राक्षसी सिंहासन बघून निघून जातात. पण ‘पोलीस मेसन, जज मेसन, म्हणजे खटल्यात कुठेतरी पाणी मुरतंय’ असा संशय घेऊन जाणाऱ्याला इथे काय मिळेल, एवढ्याच अंगाने हे परीक्षण आहे.

दालन देखणं आहे, पण मांडणी घरच्याच माणसांच्या नजरेतून केलेली. गळा कापण्याच्या वगैरे ज्या शपथांवरून एवढी कुजबुज होते, त्या शारीरिक शिक्षा 1986 साली युनायटेड ग्रँड लॉज या इंग्लिश मेसनांच्या मध्यवर्ती संस्थेने शपथेतून काढून टाकल्या. बाहेरून टीका वाढल्यावर काढल्या, हे विसरू नये. दालनाला पाचपैकी तीन.

खरा माल नोंदवह्यांत आहे. 1751 ते 1921 पर्यंतची सभासदांची हस्तलिखित रजिस्टरं स्कॅन होऊन अ‍ॅन्सेस्ट्री या वंशावळी शोधण्याच्या संकेतस्थळावर आली आहेत, सुमारे वीस लाख नावं. संकेतस्थळाची वर्गणी भरायची नसेल तर ब्रिटनमधल्या अनेक सार्वजनिक वाचनालयांत आणि क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये अ‍ॅन्सेस्ट्री फुकट वापरता येतं. एका ओळीत नाव, वय, धंदा, राहण्याचं ठिकाण, तीन दीक्षांच्या तारखा आणि पुढे वर्षावर्षाच्या वर्गणीचे रकाने असतात.

लोक चुकतात ते इथेच. नाव सापडलं की स्क्रीनशॉट काढून मोकळे. 1912 च्या टायटॅनिक चौकशीचे अध्यक्ष लॉर्ड मर्सी यांचं नाव रजिस्टरात आहे. 1881 साली नॉर्दर्न बार लॉजमध्ये (लॉज म्हणजे मेसनांची शाखा) दीक्षा. वह्या ऑनलाइन आल्या तेव्हा त्याची बातमीही झाली. पण 1881 ची दीक्षा म्हणजे 1912 चं सभासदत्व नव्हे. मधली सगळी वर्षं वर्गणीच्या रकान्यात ताडून बघायची, आणि शेवटच्या शेऱ्यात राजीनामा, मृत्यू की वर्गणी थकल्यामुळे नाव कमी, हे वाचायचं. काही वर्षांनी नवी वही सुरू झाली की तोच माणूस पुन्हा नव्या पानावर येतो, म्हणून पहिल्या निकालावर थांबू नका. दुसऱ्या लॉजमधून आलेल्या सभासदाच्या ओळीत दीक्षेच्या तारखा कोऱ्या असतात. तो ‘लपवलेला’ नसतो, त्याची दीक्षा आधीच्या लॉजच्या पानावर असते. धंद्याच्या रकान्यावरही भिस्त ठेवू नये. ‘पोलीस’ टाकून शोधलं तर थोडेच हाती लागतात, कारण तिथे कित्येकदा नुसतं ‘जंटलमन’ लिहिलेलं असतं किंवा काहीच नसतं.

लॉजचे क्रमांक ही दुसरी डोकेदुखी. 1863 पर्यंत ते अनेकदा बदलले, त्यामुळे जुन्या कागदावरचा क्रमांक आजच्या यादीत टाकला तर भलतंच लॉज निघतं. यावर उतारा म्हणजे लेन्स मेसॉनिक रेकॉर्ड्स ही फुकट ऑनलाइन सूची. 1894 पर्यंत स्थापन झालेल्या लॉजचे सगळे क्रमांक आणि सभेच्या जागा तिथे मिळतात. आधी तिथे जा, मगच अ‍ॅन्सेस्ट्री उघडा. संग्रहालयाने जुनी मेसॉनिक नियतकालिकंही फुकट ऑनलाइन ठेवली आहेत. कोण कुठल्या मेजवानीला होतं ते त्यांत सापडतं. मात्र छापील मजकूर यंत्राने वाचलेला असल्यामुळे आडनावाची दोन-तीन स्पेलिंगं टाकून बघावी लागतात.

आणखी एक दस्तऐवज फार कमी लोकांना माहीत असतो. 1799 च्या कायद्याने प्रत्येक लॉजला दरवर्षी सभासदांची नावं, पत्ते आणि व्यवसाय यांची यादी सरकारदरबारी, म्हणजे काउंटीच्या न्यायालयाचा कारभार बघणाऱ्या क्लार्क ऑफ द पीसकडे, द्यावी लागे. हे कलम 1967 पर्यंत कायद्यात होतं. ‘गुप्त’ संघटनेची यादी न्यायदानाच्या कचेरीतच पडून! उरलेल्या याद्या त्या त्या काउंटीच्या अभिलेखागारात असतात. रजिस्टरशी पडताळायला याहून चांगली वस्तू नाही.

लंडनच्या व्हाइटचॅपल भागात बायकांचे खून करणारा आणि कधीच न सापडलेला जॅक द रिपर, त्याचं प्रकरण या साधनांवर घासून बघण्यासारखं आहे. 30 सप्टेंबर 1888 च्या पहाटे गोल्स्टन स्ट्रीटच्या दारातला खडूचा मजकूर पोलीस आयुक्त चार्ल्स वॉरेन यांनी पुसायला लावला. ते क्वाटूओर कोरोनाटी, क्रमांक 2076, या लॉजचे पहिले मास्टर, म्हणजे प्रमुख, होते. इथवर कागद पक्का. पुढची गोष्ट अशी की त्या मजकुरातला ‘जूज’ हा (‘ज्यू’ असाही वाचता येणारा) शब्द मेसनांच्या दंतकथेतल्या तीन मारेकऱ्यांचा इशारा होता. मेसॉनिक विधींत त्या तिघांना हे नाव असल्याचा पुरावा नाही. वॉरेन यांनी 6 नोव्हेंबरच्या अहवालात कारण दिलंय ते ज्यूंविरुद्ध दंगल उसळेल या भीतीचं. व्हाइटचॅपलच्या पायी सहली विकणारे हा अहवाल वाचून दाखवतील तर बरं.

वजा गुण कशासाठी? ज्या प्रकरणांवरून आज लोक खवळतात, ती सगळी 1921 नंतरची. तिथे वही बंद. 1985 मध्ये मेट्रोपॉलिटन पोलीस आयुक्त केनेथ न्यूमन यांनी अधिकाऱ्यांना मेसन होण्यापासून दूर राहण्याचा सल्ला दिला आणि 1986 मध्ये पोलिसांनीच मॅनर ऑफ सेंट जेम्स, क्रमांक 9179, हे लॉज काढलं. त्याची सभासद यादी तुम्हांला अ‍ॅन्सेस्ट्रीवर मिळायची नाही. तेव्हा अशा प्रकरणांसाठी संग्रहालयात वेळ न दवडता चौकशी अहवाल उघडावेत. खासगी गुप्तहेर डॅनियल मॉर्गन यांचा 10 मार्च 1987 रोजी सिडनहॅममध्ये खून झाला आणि कुणालाच शिक्षा झाली नाही. त्यावरच्या स्वतंत्र पॅनेलचा जून 2021 चा अहवाल फुकट डाउनलोड होतो. तपासातले दहा ठळक पोलीस अधिकारी मेसन होते, हे त्यात आहे. तपास बिघडवायला मेसॉनिक संबंध वापरल्याचा पुरावा दिसला नाही, हेही त्यातच आहे. दोन्ही बाजूंचे लोक आपापलं अर्धं वाक्य उचलतात. डिसेंबर 2025 मध्ये मेट्रोपॉलिटन पोलिसांनी असं सभासदत्व वरिष्ठांना कळवणं बंधनकारक केलं आणि ग्रँड लॉजने त्याविरुद्ध कायदेशीर लढ्याचा पवित्रा घेतला. पण हे जाहीर करायचं ते खात्यापुरतं, तुमच्या-आमच्यासाठी नाही.

एकंदर नोंदींना चार. संग्रहालयाच्या ग्रंथालयात बसायचं असेल तर आधी वेळ ठरवा, आणि जाताना माणसाचं पूर्ण नाव, अंदाजे जन्मवर्ष आणि शहर लिहून न्या. नुसत्या ‘स्मिथ, लंडन’वर तिथले कर्मचारीही हात टेकतील.

मुंबईची नावं शोधणाऱ्यांनी एक खबरदारी घ्यावी. ही रजिस्टरं फक्त इंग्लिश ग्रँड लॉजच्या हाताखालच्या लॉजची आहेत. भारतीयांसाठी 1843 मध्ये मुंबईत निघालेलं रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया, क्रमांक 342, हे स्कॉटिश ग्रँड लॉजखालचं. त्यासाठी खटपट करणारे माणेकजी कर्सेटजी पुढे मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टाचे न्यायाधीश झाले. अशा माणसाचं नाव लंडनच्या वहीत नाही म्हणून तो मेसन नव्हता असं धरून चालू नका. ग्रँड लॉज ऑफ स्कॉटलंड, 96 जॉर्ज स्ट्रीट, एडिंबरा इथे विचारा, आणि पत्रात लॉजचा क्रमांक घालायला विसरू नका.