फ्रॅक्टल टेरा: १२० मिलिमीटरची वाटणी

कॉम्प्युटरचं छोटं कॅबिनेट घेताना बहुतेक जण आधी लिटर विचारतात. टेरा १०.४ लिटरचं आहे. पण वापरून झाल्यावर माझ्या लेखी या कॅबिनेटचा खरा आकडा १२० मिलिमीटर हा आहे.

टेराच्या आत मधोमध एक उभी भिंत आहे. तिच्या एका अंगाला मदरबोर्ड आणि प्रोसेसरचा कूलर, दुसऱ्या अंगाला रायझर केबलवर, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड जोडणाऱ्या लवचीक केबलवर, उभं केलेलं ग्राफिक्स कार्ड. ही रचना जुनी आहे. डॅन ए४-एसएफएक्स हे ७.२ लिटरचं कॅबिनेट याच रचनेमुळे नावाजलं, पण त्यात कूलरला ४८ मिमीच उंची मिळायची, विषय संपला. स्वीडनच्या फ्रॅक्टल डिझाइननं २०२३ मध्ये टेरा आणलं आणि ती भिंत सरकती केली. स्क्रू सैल करायचे, भिंत हव्या त्या खाचेवर न्यायची, पुन्हा आवळायची. कूलरला ४८ ते ७७ मिमी मिळतात आणि कार्डाला ७२ ते ४३. एकाला वाढवून दिलं की दुसऱ्याचं तेवढंच कमी होतं. बेरीज कायम १२०.

त्यामुळे इथे खरेदीची सुरुवात कागदावर करावी लागते. मी व्हिडिओ एडिटिंग आणि थ्रीडी रेंडरिंग करते. माझं काम प्रोसेसर आणि कार्ड दोघांनाही तासन्‌तास राबवतं, म्हणून वाटणी प्रोसेसरच्या बाजूनं झुकवली. नॉक्टुआचा एनएच-एल१२एसएक्स७७ हा कूलर नेमका ७७ मिमी उंच आहे. तो घ्यायचा म्हटल्यावर कार्डाला उरतात ४३ मिमी, म्हणजे निखळ दोन स्लॉटचंच कार्ड. स्लॉट हे कार्डाच्या जाडीचं माप. एक स्लॉट २०.३२ मिमीचा, दोन म्हणजे साधारण ४०.६. खोक्यावर 'दोन स्लॉट' छापलेलं पुष्कळदा सव्वादोन-अडीच निघतं आणि अडीच स्लॉट म्हणजे पन्नास मिमीच्या पुढे. कंपनीच्या पानावर मिलिमीटरमध्ये दिलेली जाडीच धरायची. लांबीची चिंता कमी, ३२२ मिमीपर्यंतचं कार्ड मावतं. मी दोन स्लॉटचं आरटीएक्स ४०७० बसवलं, २०० वॅटचं. प्रोसेसर रायझन ७ ७७००. त्याचा टीडीपी, म्हणजे कंपनीनं कागदावर दिलेला उष्णतेचा आकडा, ६५ वॅटचा, प्रत्यक्षात तो मदरबोर्डवरच्या सॉकेटमधून ८८ वॅटपर्यंत ओढतो.

हे वॅटचे आकडे मी मुद्दाम लिहिते आहे. छोट्या कॅबिनेटबद्दल 'मावतं का?' एवढंच विचारलं जातं. मावायला खूप काही मावतं. तीन स्लॉटचं कार्डही बसतं, मग कूलरला एकोणसाठच्या आत भागवावं लागतं आणि ५३ मिमीचा थर्मलराइट एएक्सपी९०-एक्स५३ तिथे बसून जातो. पण तिथून निघणारी उष्णता बाहेर काढायला जागा तेवढीच. म्हणून आधी वॅट ठरवावेत, मग मिलिमीटर. मी प्रोसेसर आणि कार्ड मिळून तीनशे वॅटच्या आत राहायचं ठरवलं आणि हे कॅबिनेट त्या मर्यादेत सुरेख काम देतं.

कूलरचं जरा सविस्तर सांगते, कारण मला सगळ्यात जास्त समाधान तिथेच मिळालं. या कूलरचा पंखा पात्यांच्या, म्हणजे उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्यांच्या, वर नसून खाली, पात्या आणि मदरबोर्ड यांच्या मधल्या पोकळीत आहे. पात्यांचा वरचा पृष्ठभाग थेट कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्याला भिडायला येतो, मध्ये बोट जाणार नाही इतकी कमी फट. पत्र्याला उभ्या खाचा आहेत. पंखा त्या खाचांतून बाहेरची थंड हवा पात्यांतून ओढतो आणि खाली मदरबोर्डवर सोडतो, त्यामुळे रॅम आणि प्रोसेसरभोवतीचे व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग) यांनाही वारा मिळतो. चालू असताना पत्र्याबाहेर हात धरला की हवा आत ओढली जाते ते तळव्याला जाणवतं. बुटका कूलर लावला असता तर पात्या आणि पत्रा यांच्यात मोठी पोकळी राहिली असती आणि पंख्यानं कॅबिनेटमधलीच गरम हवा पुन्हा पुन्हा गिळली असती. बुटका कूलर घेणं भागच असेल तर ती पोकळी फोमच्या चौकटीनं बंद करावी. नॉक्टुआ आपल्या एनएच-एल९ मालिकेसाठी एनए-एफडी१ नावाची अशी फोमची चौकट विकतं. साधा फोम नीट कापून लावला तरी काम होतं. एवढ्याशा फोमनं पडणारा फरक महागड्या पंख्यानं पडत नाही, हे मी ठामपणे म्हणेन.

तळाला १२० मिमीचा एकच पंखा लावता येतो. रेडिएटरसाठी जागा दिलेलीच नाही, लिक्विड कूलिंगचा विचार करणाऱ्यांनी दुसरीकडे बघावं. तळाचा पंखा हवा आत घेणारा लावावा की बाहेर टाकणारा? गरम हवा वर जाते म्हणून आत घेणारा लावावा असं पटकन वाटतं. मी दोन्ही बाजूंनी लावून पाहिला. कूलर आणि कार्ड दोघंही आपापल्या बाजूनं ताजी हवा आत खेचतच असतात, कमतरता बाहेर जाण्याच्या वाटेची असते. त्यामुळे माझ्याकडे बाहेर टाकणारा पंखा सरस ठरला, विशेषतः दोघांवर एकदम ताण असताना. लांब रेंडरमध्ये प्रोसेसर ऐंशी अंशांच्या पुढेमागे राहतो. या मालिकेची मर्यादा ९५ अंशांची आहे, म्हणजे श्वास घ्यायला जागा आहे. कार्डाची पॉवर लिमिट (वीज ओढायची मर्यादा) ऐंशी टक्क्यांवर आणली की वेग अगदी थोडा उतरतो आणि आवाज मात्र स्पष्ट खाली येतो.

आवाजाचं आणखी एक. रायझनचं तापमान एखादी विंडो उघडली तरी क्षणात दहा अंश उसळतं आणि लगेच खाली येतं. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, पंख्याची चाल जशीच्या तशी ठेवली तर पंखा दिवसभर घुं-घुं करत चढ-उतार करतो. पंख्याला प्रतिसाद द्यायला काही सेकंद उशीर होईल अशी सेटिंग बहुतेक बोर्डांत असते. ती लावल्यावर हे मशीन टेबलावर, कानापासून हातभर अंतरावर ठेवूनही त्रास देत नाही.

आता जोडणी. बाजूचे दोन्ही पत्रे वर उचलून पंखांसारखे उघडतात, आणि जोडताना ही सोय फार मोलाची वाटते. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, एसएफएक्स किंवा एसएफएक्स-एल या छोट्या मापाचा लागतो, तो पुढच्या भागात बसतो. मापात तो चोख बसतो, पण त्याच्या केबली कुठे कोंबायच्या हा या कॅबिनेटमधला सगळ्यात अवघड प्रश्न आहे. चोवीस पिनांची जाड, ताठ केबल कूलरशेजारीच वळवावी लागते. आखूड आणि मऊ केबली असलेला मॉड्युलर (लागतील तेवढ्याच केबली जोडता येणारा) एसएमपीएस घेणं इथे हौसेचं नाही, गरजेचं आहे. कार्डाची सोळा पिनांची केबल कनेक्टरच्या तोंडाशीच दुमडू नये. ती आधी सरळ थोडी बाहेर येऊ द्यावी आणि मग वळवावी.

क्रमही महत्त्वाचा. १७० बाय १७० मिमीच्या मिनी-आयटीएक्स या छोट्या मापाच्या मदरबोर्डावर दुसरा एसएसडी बहुधा पाठीमागे असतो. तो आणि कूलर, दोन्ही बोर्ड आत जाण्याआधीच लावून घ्यावेत, नंतर तिथे पोचायचं तर सगळं पुन्हा उपसावं लागतं. पाठीमागचा एसएसडी भिंतीला लागून, कार्डाच्या पाठीशी बसतो, हवा जवळजवळ शून्य. तिथे मी फायली साठवायचा सावकाश एसएसडी ठेवला आहे आणि काम करायचा वेगवान एसएसडी पुढच्या बाजूला, कूलरच्या वाऱ्यात. टेरासोबत येणारा रायझर पीसीआयई ४.० चा आहे (पीसीआयई म्हणजे कार्ड आणि बोर्ड जोडण्याची पद्धत, ४.० ही तिची पिढी). ५.० चं कार्ड लावणार असाल तर बायोसमध्ये तो स्लॉट 'ऑटो'वर न ठेवता जेन ४, म्हणजे ४.० वर पक्का करावा, नाहीतर स्क्रीन काळी राहण्याची शक्यता असते.

दिसायला हे कॅबिनेट अतिशय देखणं आहे. अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियमचा पत्रा आणि समोर अक्रोडाच्या लाकडाची पट्टी. पट्टी खऱ्या लाकडाची आहे, रेषा हाताला लागतात. रोज डोळ्यांसमोर असणारी वस्तू आहे, तेव्हा हे मला बिनमहत्त्वाचं वाटत नाही.

तीनशे वॅटच्या वरचं कार्ड हवंच असेल किंवा हार्ड डिस्का भरायच्या असतील, तर मी टेरा सुचवणार नाही. कूलर मास्टरचं एनआर२०० बघावं. ते १८.२५ लिटरचं आहे, म्हणजे बरंच मोठं, पण त्यात १५५ मिमीपर्यंतचा उभा टॉवर कूलर जातो आणि वर-खाली १२० मिमीचे पंखे लागतात. पहिल्यांदाच छोटं मशीन जोडणाऱ्यालाही मी तेच देईन. टेरा घ्यावं ते कार्डाची जाडी आणि कूलरची उंची दोन्ही लिहून, बेरीज करून, आणि एसएमपीएसच्या केबलींची लांबी तपासून.