शिमग्याला चकाकली, गणपतीत सोलली: मस्टँगच्या ‘रेट्रो’ कामातली फसवणूक

रत्नागिरीतल्या एका फोर्ड मस्टँग जीटी गाडीला तिच्या १९६४ सालच्या पूर्वजाचा चेहरा द्यायचा होता. क्रोमच्या पट्ट्या, लाकडी कड्याचं स्टिअरिंग, पाच दांड्यांची चाकं, बॉनेटवर पांढरे पट्टे. काम घाटावरच्या एका कस्टम गॅरेजला दिलं, सत्तर टक्के रक्कम आगाऊ. शिमग्याला गाडी परत आली तेव्हा बघणाऱ्याचे डोळे दिपले. गणपतीत क्रोमचे पापुद्रे निघायला लागले म्हणून ती लिफ्टवर चढवली आणि मग एकेक प्रकार बाहेर आला. पैसे गेले ते गेले. पण त्यातले दोन प्रकार थेट जिवावरचे होते, म्हणून आधी तेच.

पहिला स्टिअरिंगचा. मूळ स्टिअरिंगमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग असते. लाकडी स्टिअरिंग बसवलं की ती जाते आणि डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटून राहतो. गिऱ्हाईक तो दिवा बघून विचारणार, म्हणून एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरमध्ये साधारण २ ओहमचा रेझिस्टर (विजेला रोध करणारा छोटा तुकडा) खुपसला होता. एअरबॅग सांभाळणाऱ्या कंट्रोल युनिटला वाटतं बॅग जागेवर आहे. स्कॅनर लावला तरी दोष दिसत नाही, त्यामुळे ‘स्कॅन रिपोर्ट क्लीन’ या कागदावर विसंबू नका. ओळखायची खूण सोपी आहे: चावी दिल्यावर दिवा काही सेकंद पेटून विझतो, आणि समोरच्या स्टिअरिंगमध्ये बॅग मावेल अशी जागाच नसते. बॅग नाही आणि दिवाही नाही, म्हणजे कुणीतरी मुद्दाम विझवलाय. सीटमध्ये बाजूची एअरबॅग असते. तिच्या शिवणीवरून जुन्या धर्तीचं चौकटीचं कव्हर घट्ट शिवलं तर तीही वेळेला उघडणार नाही.

दुसरा प्रकार चाकांचा. या मस्टँगचं पीसीडी ५×११४.३, म्हणजे नटांची पाच भोकं ११४.३ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर; चाकाचं मधलं भोक ७०.५ मिलिमीटर. बसवलेली चाकं निघाली ५×११२ ची. फरक २.३ मिलिमीटरचा, म्हणजे प्रत्येक भोक स्टडपासून (नट चढतो त्या बोल्टपासून) एक मिलिमीटरहून थोडं जास्त सरकलेलं. नट जोर लावून आवळले की बसल्यासारखे वाटतात, पण त्यांचा उतार चाकाला एकाच बाजूने टेकतो, स्टडवर वाकवणारा ताण येतो आणि नट ढिले होत जातात. ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरायचं, त्याला गॅरेजवाला ‘बॅलन्सिंग करून घ्या’ म्हणत राहिला. अशी गाडी परशुराम घाटातून उतरवणं म्हणजे काय, हे कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको. चाकाच्या आतल्या बाजूला रुंदी, ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं तो आकडा), जेडब्ल्यूएल या जपानी सुरक्षा मानकाची खूण आणि पेलायचं वजन ओतलेलं असतं. इथे ती जागा घासून गुळगुळीत केली होती. टायर चढवण्याआधी नुसती चाकं मागा, व्हर्नियरने मधलं भोक मोजा. नट टॉर्क रेंचने २०४ न्यूटनमीटरला आवळून घ्या, शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा तपासा.

क्रोमचं बिल ‘प्लेटिंग’चं होतं, काम स्प्रेचं. खऱ्या प्लेटिंगमध्ये वरचा क्रोम एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. खाऱ्या हवेला अडवतं ते खालचं निकेल, आणि समुद्रकाठी त्याचा थर ३० मायक्रॉनच्या वर हवा. स्प्रेमध्ये चांदीसारखा पातळ लेप आणि वर लॅकर, बस्स. एक खडा उडाला की त्या टवक्यातून खारं पाणी आत शिरतं, पिवळे डाग पडतात, मग सगळंच सुटतं. पट्टी बसवण्याआधी उलटी करून बघा. प्लेटिंग बुडवून होतं, म्हणून मागच्या कडांवरही चमक वळलेली असते. स्प्रेची मागची बाजू कोरी राहते. स्टीलचे स्क्रू आणि जाळी ‘३०४’ म्हणून २०२ या हलक्या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची दिली होती. चुंबक दोन्हीला धड चिकटत नाही, त्यामुळे चुंबकाची परीक्षा इथे कामाची नाही. भाट्ये, मालवण, हर्णैसारख्या ठिकाणी गाडी उभी राहणार असेल तर गंजाला जास्त टिकणारं ३१६ च मागा आणि बिलावर तसं लिहून घ्या.

मधल्या काळात ‘माल न्हावा शेवाला अडकलाय’ म्हणून आणखी पैसे उकळले. खरोखर आयात असेल तर बिल ऑफ एंट्रीचा (कस्टम्सकडच्या आयातीच्या कागदाचा) नंबर आणि तारीख असते, आणि त्याची स्थिती कस्टम्सच्या आइसगेट या साइटवर कुणालाही बघता येते. नंबर द्यायला टाळाटाळ झाली की पुढचा रुपया देऊ नका.

सगळ्यात जास्त हळहळ वाटली ती मूळ सामानाची. चार चाकं, एअरबॅगसकट स्टिअरिंग, ग्रिल, सगळं गॅरेजात ‘सांभाळून ठेवलंय’ म्हणाले आणि नंतर हात वर केले. जॉबकार्डवर काढलेल्या वस्तूंची यादी नव्हती. गाडी पूर्वपदावर आणायची झाली तर हेच सामान लागतं, आणि ती वेळ येऊ शकते: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या रचनेत फेरफार करायला मनाई करतं, कलम १८२अ खाली बेकायदा फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘आरटीओचं आम्ही बघतो’ हे गॅरेजवाल्याचं वाक्य कागदावर कधीच येत नाही. नाव मालकाचं लागतं. विमा कंपनीलाही बदल आधी लेखी कळवा.

तक्रारीसाठी घाटावर खेटे घालायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. आधी सल्ला हवा तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ ला फोन करा. सोललेली पट्टी, रेझिस्टर, चाकं ‘दुरुस्त करून देतो’ म्हणून गॅरेजला परत देऊ नका. जागेवर असतानाचे फोटो काढा, सुटे भाग पिशवीत घालून तारीख लिहा. आयोग ते प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, आणि गॅरेजच्या हातात गेलेला तुकडा पुन्हा तसाच मिळत नाही.