सुमेर की तापी? पत्त्यांच्या जोडसंचाचा विषय

जळगावच्या आमच्या खेळगटाला पौराणिक पत्त्यांच्या खेळासाठी नवा जोडसंच करायचाय: प्राचीन संस्कृतींचा उदय. वाद एवढाच, की सुमेर (आजच्या दक्षिण इराकमधली प्राचीन संस्कृती) घ्यायचं की तापीखोरं.

सुमेरच्या कथेत खेळ आयताच तयार आहे. इनन्ना देवी एन्की देवाला मद्य पाजते आणि राजेपणापासून सुतारकामापर्यंतच्या सगळ्या विद्या, म्हणजे ‘मे’, त्याच्या एरिदू शहरातून नावेत घालून आपल्या उरुक शहरात पळवते. नशा उतरल्यावर एन्की मागे राक्षस धाडतो. म्हणजे समोरच्याच्या हातातले पत्ते पळवा. नाव धक्क्याला लागेपर्यंत तो ते परत हिसकू शकतो. नियम वेगळे शोधायलाच नकोत!

तापीकाठी प्रकाशे आहे. १९५४-५५ साली तिथे उत्खनन होऊन ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आली. तापीकाठच्याच सावळदा गावाच्या नावाने तर रंगवलेल्या भांड्यांची शैलीच ओळखली जाते, त्यामुळे चित्रं झकास होतील. पण त्या लोकांचं लेखन नाही, देवांची नावं नाहीत. सूर्यकन्या तापी पुराणातली, खानदेशातली कानबाई देवी आजच्या श्रावणातल्या सणातली. दोघींना तिथे बसवणं ओढूनताणूनच.

माझं मत सुमेरला. प्रकाशे, सावळदा ‘स्थळ’ पत्ते म्हणून पुढे घालू. आणि कानबाईला हल्ल्याचे गुण द्यायचे असतील, तर आधी घरी आईला विचारून या.