विमान देखभालीचे सिम्युलेटर : डोकं तयार होतं, हात तयार होत नाही

लष्करी विमानांच्या टेक्निशियनसाठी दोन तऱ्हेचे सिम्युलेटर असतात. एक पडद्यावरचा, ज्यात कॉकपिट, पॅनेल आणि कनेक्टर सगळं चित्रात. दुसरा हात लावता येईल असा सांगाडा: लँडिंग गियर, इजेक्शन सीट, शस्त्रं चढवायची जागा. एफ-35 या अमेरिकन लढाऊ विमानाच्या प्रशिक्षणात दोन्ही आहेत, आणि तेच योग्य आहे.

पडद्यावरच्याला ट्रबलशूटिंगसाठी, म्हणजे बिघाड शोधण्यासाठी, पूर्ण गुण. समजा, प्रशिक्षकाने गियरच्या डाउन-लॉकचा (खाली आलेली चाकं पक्की धरणाऱ्या कुलपाचा) फॉल्ट टाकला. शिकणारा आधी सर्किट ब्रेकर बघतो, मग मल्टिमीटरने सेन्सरच्या कनेक्टरवर 28 व्होल्ट डीसी येतायत का ते तपासतो. पुरवठा आहे पण सिग्नल परत जात नाही, म्हणजे संशय सेन्सरवर, त्याच्या फटीवर किंवा परतीच्या वायरवर. न तपासता थेट कंट्रोल युनिट बदलायची खोड इथेच मोडते. चांगलं युनिट खराब समजून काढणं फार महागात पडतं, आणि बिघाड तसाच राहतो! खऱ्या विमानात असा फॉल्ट मुद्दाम घालता येत नाही. इथे तोच दहा वेळा घाला. ग्राउंड लॉक पिन (जमिनीवर गियर मिटू नये म्हणून लावायची पिन) विसरली तर फक्त सत्र थांबतं, कुणी चिरडलं जात नाही.

पण फॉल्ट जरा जास्तच स्वच्छ असतात. क्लॅम्पखाली घासलेली, फक्त इंजिनाच्या थरथरीत तुटक होणारी वायर पडद्यावर जवळपास भेटतच नाही.

टॉर्कचं, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचं, तर विचारूच नका. क्लिक केलं की बोल्ट 'घट्ट'. प्रत्यक्षात 25 सेंमीच्या टॉर्क रेंचला सरळ रेषेत 5 सेंमीचं क्रोफूट (रेंचची लांबी वाढवणारा जोड-पाना) लावलं, तर 60 न्यूटन-मीटरसाठी रेंच 50 वर ठेवावा लागतो. 60 वरच ठेवला तर बोल्टवर 72 बसतात. सेफ्टी वायरला (बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायच्या तारेला) इंचाला 6 ते 8 पीळ, आणि ओढ बोल्ट आवळायच्या दिशेनेच. हे बोटांनीच शिकावं लागतं. त्यासाठी बेंच आणि जुने, वापरातून काढलेले भाग ठेवाच.

सिम्युलेटर विकत घेण्याआधी डेमोमध्ये मुद्दाम चुकीची स्टेप करून बघा. सिम्युलेटर अडवून पुढे जाऊच देत नसेल, तर शिकणारा नुसता हिरवं बटण शोधायला शिकतो. चूक होऊ द्यायला हवी आणि तिचा परिणाम दिसायला हवा. प्रशिक्षकाला स्वतः नवा फॉल्ट घालता येतो का, तेही विचारा. आणि मॅन्युअलची नवी आवृत्ती आली की सॉफ्टवेअर किती दिवसांत बदलून मिळेल, हे करारातच लिहून घ्या. नाहीतर मुलं रद्द झालेली पद्धत पाठ करून हँगरमध्ये येतात.