थेट शिकवणे की स्वतः शोधू देणे?

शाळा निवडताना पालकांपुढे बहुधा दोन पर्याय असतात: शिक्षकाने टप्प्याटप्प्याने थेट शिकवणे, किंवा माँटेसरी शाळांप्रमाणे मुलाने साहित्य हाताळत आपल्या गतीने शिकणे. दोन्हींचे पुरस्कर्ते मेंदूचा दाखला देतात. मात्र मेंदूत काय घडते, हे पद्धतीच्या नावापेक्षा शिकताना मुलाचे लक्ष कशावर असते यावर अधिक अवलंबून असते.

वाचनाच्या बाबतीत हे सर्वांत स्पष्ट दिसते. बोलणे मूल ऐकून शिकते, पण लिपी ही मानवाची अलीकडची निर्मिती असल्याने तिच्यासाठी मेंदूत जन्मजात जागा नाही. वाचन शिकता शिकता डाव्या गोलार्धाच्या मागील खालच्या भागातील एक पट्टा अक्षरांसाठी घडत जातो. मेंदू-संशोधक ब्रूस मॅककँडलिस आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका कृत्रिम लिपीतील काही शब्द अक्षर-ध्वनी जोडून, तर काही अखंड आकृती म्हणून शिकवले गेले. पहिल्या प्रकारचे शब्द वाचताना डाव्या गोलार्धाचा प्रतिसाद प्रबळ होता, दुसऱ्या प्रकारच्या वेळी उजव्याचा. सहभागी प्रौढ होते, त्यामुळे हा निष्कर्ष मुलांना जसाच्या तसा लावता येत नाही. तरीही वाचनाचा पाया घालताना अक्षर-ध्वनी स्पष्टपणे शिकवणारी शाळा मी निःसंकोच निवडेन.

स्वयंशिक्षणाची बाजू वेगळ्या ठिकाणी भक्कम आहे. मानसशास्त्रज्ञ अँजेलिन लिलार्ड आणि निकोल एल्स-क्वेस्ट यांनी २००६ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरातील माँटेसरी शाळेत सोडतीने प्रवेश मिळालेल्या आणि हुकलेल्या मुलांची तुलना केली. अर्ज दोन्हीकडच्या पालकांनी केलेला असल्याने ही तुलना विशेष विश्वासार्ह ठरते. पाच वर्षांच्या माँटेसरी मुलांनी वाचन आणि गणिताच्या काही चाचण्यांबरोबरच नियम बदलताच त्यानुसार पत्ते लावण्याच्या चाचणीतही सरस कामगिरी केली. असे आत्मनियंत्रण मेंदूच्या ज्या अग्रललाट (कपाळामागच्या) भागाशी निगडित आहे, तो विशीपर्यंत परिपक्व होत राहतो.

गंमत अशी, की माँटेसरी वर्गात अक्षरे मुलावर सोडून दिलेली नसतात. सँडपेपरच्या खरखरीत अक्षरावरून बोट फिरवत मूल त्याचा ध्वनी उच्चारते; शिक्षिका आधी ध्वनी सांगते, मग “‘म’ दाखव” म्हणते आणि शेवटी एका अक्षरावर बोट ठेवून “हे कोणते?” असे विचारते. हा तिसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण स्मृतीतून आठवून काढलेली गोष्ट पुन्हा वाचलेल्या गोष्टीपेक्षा अधिक काळ टिकते.

निव्वळ शोध नवशिक्याला जड जातो, कारण कार्यस्मृतीत, म्हणजे विचार करताना माहिती तात्पुरती धरून ठेवणाऱ्या स्मृतीत, एका वेळी थोड्याच बाबी मावतात. पूर्वज्ञान वाढले, की तीच मोकळीक उपयोगी पडते. म्हणून लहान वयात, विशेषतः वाचन अडखळणाऱ्या मुलासाठी, थेट अध्यापनाकडे झुकावे. अक्षरे आलेल्या, पण सतत सूचनांची वाट पाहणाऱ्या मुलाला दुसरी पद्धत अधिक देईल. ‘उजव्या मेंदूचे शिक्षण’ किंवा प्रत्येकाची (पाहून, ऐकून शिकण्याची) ‘अध्ययनशैली’ ओळखण्याचे दावे पुराव्यावर टिकत नाहीत, म्हणून ते निर्णयातून वगळावेत. वर्ग पाहायला गेल्यास चुकलेल्या मुलाला शिक्षक काय सांगतात आणि किती वेळाने सांगतात, एवढे टिपून घ्यावे.