अणुऊर्जा की सौरऊर्जा?

कोळशाच्या जागी काय आणायचं, यावर ही दोन उत्तरं हमखास येतात. कार्बनच्या हिशेबात दोन्ही उजवीच. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या २०१४ च्या अहवालात बांधणीपासून मोडणीपर्यंतचं सगळं उत्सर्जन धरलं आहे. एका युनिट विजेमागचं मध्यमूल्य अणुऊर्जेसाठी १२ ग्रॅम, मोठ्या सौर प्रकल्पांसाठी ४८ ग्रॅम आणि कोळशासाठी ८२० ग्रॅम. १२ आणि ४८ वरून भांडण्यात मला अर्थ वाटत नाही.

खरा फरक वेळेचा. फिनलंडमधल्या ओल्किलुओटो-३ अणुभट्टीचं बांधकाम २००५ मध्ये सुरू झालं आणि नियमित वीजनिर्मिती २०२३ मध्ये. सौर प्रकल्प वर्ष-दोन वर्षांत उभा राहतो. हवेत गेलेला कार्बन साठतच जातो, म्हणून उशिराची किंमत फार मोठी आहे. नवं काही उभारायचं तर माझा कौल आधी सौरऊर्जेला.

पण सूर्य मावळतो, आणि दिवे लागतात ते त्यानंतरच. बॅटरी काही तासांची सोय करते. उत्तरेकडच्या देशांतला लांबलचक, अंधारा हिवाळा तिच्या आवाक्याबाहेरचा. अणुभट्टी मात्र रात्रंदिवस चालते आणि जागाही थोडी घेते. किरणोत्सारी कचरा हजारो वर्षं सांभाळावा लागतो, ही काळजी खरीच. तरी तो घन आणि मोजका असतो. कोळशाचा धूर कुणीच साठवून ठेवत नाही.

म्हणूनच जर्मनीने एप्रिल २०२३ मध्ये शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, तेव्हा मला वाईट वाटलं. कोळशाची केंद्रं तिथे अजून चालूच होती.